स्टेंट बसला, पण पूर्ण उघडला नाही: कॅल्शियमने कडक झालेल्या धमनीतला अवघड प्रश्न

अँजिओप्लास्टी संपली की नातेवाइकांना बाहेर येऊन सांगतात, "स्टेंट बसवला, ब्लॉकेज निघालं." हे खरंच असतं. पण स्टेंट कुठे बसला याच्याइतकंच तो किती उघडला हेही महत्त्वाचं असतं, आणि ते सहसा कुणी विचारत नाही. कॅल्शियम साचून कडक झालेल्या धमनीत स्टेंट अर्धवट उघडून तिथेच अडकू शकतो. एकदा अडकलेला स्टेंट बाहेर काढता येत नाही. मग त्याला आतूनच उघडावं लागतं. ते कसं करतात, कशाने करतात आणि त्यात काय बिघडू शकतं, हे समजून घेऊ.

स्टेंट म्हणजे धातूच्या बारीक जाळीची नळी. हल्लीच्या औषध-लेपित स्टेंटमधली तार साधारण ६० ते ८० मायक्रॉन जाडीची असते. ही जाळी फुग्यावर घट्ट बसवलेली येते. अरुंद जागी नेऊन फुगा फुगवला की ती पसरते, भिंतीला टेकते आणि फुगा काढून घेतल्यावरही तशीच राहते. आता ३ मिमी व्यासाचा स्टेंट धरा. पूर्ण उघडला तर आतली जागा ७.१ चौ. मिमी. तोच २ मिमीवर अडकला तर व्यास एक तृतीयांशानेच घटला असं वाटतं, पण आतली जागा उरते ३.१ चौ. मिमी, म्हणजे निम्म्याहूनही कमी. अँजिओग्राफीच्या चित्रात हा फरक डोळ्यांना फारसा टोचत नाही, आणि घोळ इथेच होतो.

अर्धवट उघडलेल्या स्टेंटचा त्रास दोन प्रकारे होतो. पहिला लवकर होतो. अरुंद जागेत रक्ताचा प्रवाह बिघडतो, काही ठिकाणी तारा भिंतीला टेकलेल्या नसतात, तिथे प्लेटलेट्स चिकटतात आणि गुठळी होते. स्टेंटमध्ये अचानक गुठळी झाली तर परिणाम थेट हार्ट अटॅक. दुसरा त्रास सावकाश येतो. कुठल्याही स्टेंटवर शरीर पातळ पेशींचा थर चढवतं. ऐसपैस उघडलेल्या स्टेंटला तो सहज पचतो, पण मुळात २ मिमी असलेल्या वाटेत तोच थर पुन्हा ब्लॉकेज होऊन बसतो. काही महिन्यांत चालताना छातीत दडपण परत सुरू होतं.

कॅल्शियम इतकं आडमुठं का?

धमनीच्या आतल्या थरात चरबी आणि दाह वर्षानुवर्षं टिकला की मेलेल्या पेशींच्या अवशेषांवर कॅल्शियमचे कण जमतात. ते एकमेकांना जोडले जाऊन पत्र्यासारखे थर होतात, कधी धमनीला चारही बाजूंनी वेढणारं कडं होतं, तर कधी आत उभारलेली गाठ. वय, मधुमेह, जुनाट किडनीविकार आणि विशेषतः डायलिसिस असलेल्यांमध्ये हे जास्त दिसतं. रासायनिकदृष्ट्या हा पदार्थ हाडातल्या खनिजाचाच भाऊ आहे. आहारातलं दूध-दही बंद करून तो विरघळत नाही, आणि आधी साचलेला थर काढून टाकणारी गोळीही नाही.

मऊ चरबीचा थर फुग्याने दाबला जातो, कॅल्शियम दाबलं जात नाही. त्याला तडा जावा लागतो. तडा गेला नाही तर फुगा दोन्ही टोकांना फुगतो आणि मधे आवळलेलाच राहतो. कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, पडद्यावर फुग्याला अशी "कंबर" दिसली की अनुभवी माणूस तिथेच थांबतो.

एक्स-रे पुरेसा नाही

अँजिओग्राफीत धमनीच्या पोकळीची सावली दिसते, भिंत दिसत नाही. मोठं कॅल्शियम असेल तर डाय (एक्स-रेत धमनी दिसावी म्हणून सोडायचं द्रव) सोडण्याआधीच हृदयाबरोबर हलणाऱ्या दोन समांतर रेघा दिसतात, पण त्याची जाडी किती आणि ते किती अंशांत पसरलंय हे कळत नाही. त्यासाठी धमनीच्या आत कॅमेऱ्यासारखी तार घालावी लागते. त्याचे दोन प्रकार आहेत. आयव्हस ध्वनिलहरींनी बघतं, ओसीटी प्रकाशाने.

दोघांच्या मर्यादा वेगळ्या. आयव्हसच्या लहरी कॅल्शियमच्या पुढच्या पृष्ठभागावरूनच परततात आणि मागे काळी सावली पडते, त्यामुळे कोन कळतो पण जाडी थेट मोजता येत नाही. ओसीटीचा प्रकाश कॅल्शियममधून पार जातो, म्हणून जाडी मोजता येते. पण त्या क्षणी धमनीतलं रक्त बाजूला सारावं लागतं आणि त्यासाठी सहसा डाय सोडतात. किडनी नाजूक असेल तर आयव्हस बरं.

ओसीटीसाठी एक सोपा हिशेब वापरतात. कॅल्शियमचा कोन १८० अंशांहून जास्त असेल तर २ गुण, जाडी ०.५ मिमीहून जास्त असेल तर १, लांबी ५ मिमीहून जास्त असेल तर आणखी १. चारपैकी चार गुण पडले तर नुसत्या फुग्याच्या भरवशावर स्टेंट टाकू नये, तो आखडण्याची शक्यता मोठी असते. आयव्हसमध्ये ३६० अंशांचं कडं, २७० अंशांहून मोठा पट्टा ५ मिमीहून लांब असणं, कॅल्शियमची गाठ आणि ३.५ मिमीहून बारीक धमनी या खुणा बघतात. यातल्या दोन किंवा जास्त असतील तर आधी कॅल्शियमचा बंदोबस्त.

आत बघून केलेल्या अँजिओप्लास्टीचा फायदा आता चांगला सिद्ध झाला आहे. दक्षिण कोरियातला रेनोव्हेट-कॉम्प्लेक्स-पीसीआय हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. गुंतागुंतीची ब्लॉकेज असलेले १,६३९ रुग्ण त्यात होते. हृदयविकाराने मृत्यू, त्याच धमनीत हार्ट अटॅक किंवा तिथे पुन्हा उपचार करावा लागणं, यांचं एकत्रित प्रमाण आत बघून काम केलेल्या गटात ७.७ टक्के होतं, नुसत्या अँजिओग्राफीवर चालवलेल्या गटात १२.३ टक्के.

नियम एकच: फुगा उघडला नाही, तर स्टेंट टाकायचा नाही

आखडलेल्या स्टेंटवरचे उपाय वाचताना हे विसरू नये, की यातलं बरंचसं संकट स्टेंट टाकण्यापूर्वीच टाळता येतं. धमनीच्या मापाइतका, न ताणणारा म्हणजे नॉन-कम्प्लायंट फुगा आधी फुगवून बघायचा. तो दोन वेगवेगळ्या कोनांतून पूर्ण, कंबर न पडता उघडला पाहिजे. तडे गेलेत की नाही हे ओसीटी-आयव्हसवर पाहिलं तर अधिकच चांगलं. स्टेंटचा स्वतःचा फुगा कॅल्शियम फोडण्यासाठी बनवलेला नसतो. "स्टेंट टाकल्यावर मागून जोर लावू" ही घाई नंतर महागात पडते, कारण एकदा धातूची जाळी मधे आली की कॅल्शियमपर्यंत पोचायची सगळी साधनं कमी परिणामकारक किंवा जास्त धोक्याची होतात.

आणि तरीही अडकला, तर?

पहिलं काम जोर लावणं नसतं. वायर, म्हणजे जिच्यावरून फुगा धमनीत सरकवतात ती बारीक तार, कुठून गेली आहे हे तपासायचं. विशेषतः काही महिन्यांनी परत आलेल्या रुग्णात नवी वायर स्टेंटच्या मधून जाण्याऐवजी एखाद्या तारेच्या मागून, भिंत आणि जाळी यांच्या फटीतून गेलेली असू शकते. त्यावर फुगा फुगवला तर स्टेंट उघडण्याऐवजी चेपला जातो. म्हणून आत कॅमेरा फिरवून वायर पहिल्यापासून शेवटपर्यंत पोकळीतच आहे ना, याची खात्री करतात. त्याच वेळी तीन गोष्टी ठरतात: सगळ्यात अरुंद जागेचं क्षेत्रफळ, त्यामागे कॅल्शियम किती आहे, आणि वर-खाली धमनीचं खरं माप काय. कॅमेरा जायला जागाच नसेल तर १.५ किंवा २ मिमीच्या फुग्याने आधी वाट करून घेतात.

मग नॉन-कम्प्लायंट फुगा. माप धमनीइतकंच, लांबी मात्र स्टेंटपेक्षा कमी, ८ ते १२ मिमी, म्हणजे स्टेंटच्या बाहेरची निरोगी भिंत फाटणार नाही. दाब १८ ते २० ॲटमॉस्फिअरपर्यंत, हळूहळू वाढवत. गाडीच्या टायरमध्ये साधारण सव्वादोन ॲटमॉस्फिअर हवा असते. इथे त्याच्या जवळजवळ नऊपट दाब धमनीच्या आत दिला जातो. माप पाव-अर्धा मिमीने वाढवून तोच प्रश्न सोडवायचा मोह होतो. तो टाळावा, कारण कडक भाग न हलता शेजारचा मऊ भागच ताणला जातो आणि फुटतो.

एवढ्याने कंबर सुटली नाही तर दुहेरी आवरणाचा अतिउच्च दाबाचा फुगा वापरता येतो. ओपीएन नावाने तो ओळखला जातो आणि ३५ ॲटमॉस्फिअरपर्यंतच्या दाबासाठी प्रमाणित आहे. नेहमीचा इन्फ्लेशन पंप इतका दाब देत नाही, जास्त क्षमतेचा पंप आधीच टेबलावर हवा. दाब टप्प्याटप्प्याने वाढवतात, प्रत्येक टप्प्यावर थांबतात, आणि कंबर नाहीशी झाली की तिथेच पुरे करतात. दुहेरी आवरणामुळे हा फुगा एकसारखा फुगतो, टोकांना फुगून मधे आवळत नाही. दोष म्हणजे तो जाड आणि ताठ असतो. वळणाच्या धमनीत पुढे सरकत नाही आणि एकदा फुगवल्यावर नीट घडी बसत नाही.

पुढचं साधन आयव्हीएल, म्हणजे धमनीच्या आतली लिथोट्रिप्सी. मुतखडा फोडण्याच्या तंत्रातून आलेली ही पद्धत. फुग्याच्या आत छोटे एमिटर असतात. त्यांतून ठिणगी पडली की द्रवात बुडबुडा तयार होतो आणि त्यातून दाबाची लहर सुटते. लहरीचा दाब क्षणभर ५० ॲटमॉस्फिअरच्या आसपास जातो, पण फुगा मात्र ४ ॲटमॉस्फिअरवरच असतो. मऊ भिंतीतून लहर निघून जाते, कडक कॅल्शियमला तडे जातात. जाळीच्या मागचं, खोलवरचं कॅल्शियमही ती गाठू शकते, म्हणून आखडलेल्या स्टेंटसाठी तिच्याकडे इतकं लक्ष लागलं. अमेरिकेची औषध-उपकरण नियामक संस्था एफडीएने फेब्रुवारी २०२१ मध्ये हृदयाच्या धमन्यांतल्या (कोरोनरी) आयव्हीएलला मान्यता दिली, मात्र ती स्टेंट टाकण्यापूर्वीच्या वापरासाठी. अडकलेल्या स्टेंटच्या आत वापरणं हा डॉक्टरांनी विचारपूर्वक घेतलेला, मान्यतेच्या चौकटीबाहेरचा निर्णय असतो. रुग्णाला तो तसाच सांगायला हवा.

प्रत्यक्ष क्रम असा असतो. फुगा धमनीच्या मापाइतका निवडतात; तो १२ मिमी लांब असतो. डाय आणि सलाइन निम्मं-निम्मं भरून हवेचा एकही बुडबुडा राहू देत नाहीत, कारण हवेतून लहर पुढे जात नाही. ४ ॲटमॉस्फिअरला फुगवून सेकंदाला एक अशा दहा लहरी सोडतात. मग दाब ६ पर्यंत नेऊन फुगा किती उघडला ते बघतात. फुगा रिकामा करून किमान दहा सेकंद रक्त वाहू देतात आणि पुन्हा तेच. सुरुवातीच्या सी-टू फुग्यात एकूण ८० लहरी मिळतात, नंतरच्या सी-टू प्लसमध्ये १२०. लांब भाग असेल तर हा साठा विचारपूर्वक वाटावा लागतो: सगळ्या लहरी आधी सगळ्यात अरुंद जागेला, उरल्या तर बाजूला. लहरीच्या तालावर मॉनिटरवर हृदयाचे जादा ठोके दिसतात, ते बहुधा निरुपद्रवी असतात. शेवटी नॉन-कम्प्लायंट फुगा पुन्हा फुगवायचाच असतो. लहर तडे पाडते, स्टेंट पसरवण्याचं काम फुग्यालाच करावं लागतं.

जिथे जुन्या स्टेंटच्या आत दुसरा, कधी तिसराही स्टेंट टाकलेला असतो, तिथे धातूच्या थरांमुळे आयव्हीएलचा परिणाम कमी होतो.

एक्सायमर लेझर कमी ठिकाणी असतं, पण या कामात त्याला खरी जागा आहे. ३०८ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश ०.९ मिमीच्या कॅथेटरमधून सोडतात. कॅथेटर बारीक असल्याने फुगा जात नाही तिथेही तो जातो. एरवी लेझर चालू असताना सलाइन सोडत राहतात, म्हणजे डाय आणि रक्त बाजूला राहतं. आखडलेल्या स्टेंटमध्ये काही तज्ज्ञ मुद्दाम उलट करतात: लेझरच्या वेळी डाय सोडतात. डाय ऊर्जा शोषून घेतो, छोटे स्फोट होतात आणि त्यांचा धक्का जाळीमागच्या कॅल्शियमला बसतो. हे फक्त आणि फक्त स्टेंटच्या आत. स्टेंटबाहेरच्या उघड्या भिंतीत हा प्रयोग केला तर धमनी फाटू शकते.

रोटाब्लेशन म्हणजे हिऱ्याच्या कणांचा लेप असलेला छोटा बर, म्हणजे खरवडणारं टोक, मिनिटाला १,३५,००० ते १,८०,००० फेऱ्यांनी फिरणारा. स्टेंट टाकण्याआधी कडक पृष्ठभाग खरवडायला तो उत्तम. अडकलेल्या स्टेंटमध्ये मात्र तो धातूच कापतो. तारांचे तुकडे आणि कण पुढे वाहून जातात, प्रवाह मंदावतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बर जाळीत अडकून बसू शकतो. म्हणून तो अगदी शेवटचा पर्याय, आणि तोही मोठा अनुभव असलेल्या हातात. बर छोटा, १.२५ किंवा १.५ मिमीचा. प्रत्येक वेळी १५ ते २० सेकंदच, हलकेच पुढे-मागे टोचत, आणि वेग ५,००० फेऱ्यांहून जास्त पडू न देता. वेग पडला म्हणजे बर नुसता रेटला जातोय. ब्लेडवाला कटिंग बलूनही ताज्या स्टेंटमध्ये जपून वापरावा लागतो, ब्लेड तारांत गुंतू शकतं.

काही महिन्यांनी परत आलेला रुग्ण

इथे आधी एक गोष्ट वेगळी काढावी लागते: स्टेंट उघडलेला होता आणि आत पेशींचा थर वाढला, की स्टेंट मुळातच आखडलेला होता? अँजिओग्राफीत दोन्ही सारखेच दिसतात. पहिल्या प्रकारात औषध लावलेला फुगा चांगलं काम करतो. दुसऱ्यात तो एकटा काहीच करत नाही, कारण अडचण धातू आणि कॅल्शियमची आहे. आखडलेल्या स्टेंटच्या आत आणखी एक स्टेंट टाकणं ही सर्वात सोपी आणि सर्वात वाईट चूक. आतली वाट अजून अरुंद होते आणि पुढच्या वेळी धातूचे दोन थर भेदावे लागतात. आधी जुना स्टेंट पूर्ण उघडायचा, कॅमेऱ्याने खात्री करायची, मगच औषधाचा फुगा किंवा गरज असेल तर नवा स्टेंट.

किती उघडला म्हणजे पुरे?

मुख्य डावी धमनी सोडली, तर सगळ्यात अरुंद जागी आयव्हसवर ५.५ चौ. मिमीहून किंवा ओसीटीवर ४.५ चौ. मिमीहून जास्त जागा, आणि वर-खालच्या निरोगी धमनीच्या सरासरीच्या निदान ८० टक्के, हे सर्वमान्य लक्ष्य आहे. मुख्य डावी धमनी जिथे एलएडी आणि सर्कमफ्लेक्स या दोन फांद्यांत विभागते तिथे आयव्हसवर ५-६-७-८ ही आठवणीत राहणारी मापं वापरतात: सर्कमफ्लेक्सच्या तोंडाशी ५, एलएडीच्या तोंडाशी ६, दोघी मिळतात तिथे ७ आणि मुख्य धमनीत ८ चौ. मिमी.

पण आकड्याच्या मागे किती धावायचं? बारीक धमनीत ५.५ गाठता येणारच नाही, तिथे टक्केवारी बघायची. आणि ७२ टक्क्यांवर असलेल्या, प्रवाह चांगला असलेल्या स्टेंटला ८० वर न्यायला आणखी मोठा फुगा लावावा, असं आम्हाला वाटत नाही. तिथला धोका फायद्यापेक्षा मोठा आहे. उलट ४० टक्क्यांवर सोडून "चित्र बरं दिसतंय" म्हणून टेबलावरून उठणंही चूक.

काय बिघडतं आणि तेव्हा काय करतात

उच्च दाबाखाली फुगा फुटतो, विशेषतः कॅल्शियमच्या धारदार कडेवर किंवा तारेच्या टोकावर. फुग्याला पडलेल्या सुईएवढ्या छिद्रातून उडणारी डायची धार भिंत चिरू शकते. म्हणून दाब अचानक उतरला की लगेच फुगा रिकामा करून डाय सोडून पाहतात. स्टेंटच्या काठाला चीर पडणं हे त्याहून नेहमीचं. छोटी असेल तर सोडून देतात, मोठी असेल तर झाकावी लागते.

खरी भीती धमनी फुटण्याची. रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साचतं, बीपी कोसळतं. पहिली कृती: तोच फुगा फुटलेल्या जागी परत नेऊन कमी दाबाने फुगवून रक्त थोपवायचं. मग इको, पिशवीतलं रक्त सुईने काढायची तयारी, आणि आवरण असलेला म्हणजे कव्हर्ड स्टेंट. हा स्टेंट कपाटात आहे की नाही, हे काम सुरू करण्याआधीच बघायचं असतं. गुठळी होऊ नये म्हणून दिलेल्या हेपरिनचा परिणाम उलटवणारं प्रोटामिन घाईने देत नाहीत. धमनीत वायर-स्टेंट उघडे असताना ते दिलं तर गुठळीच होते.

सगळं करूनही स्टेंट उघडला नाही तर बायपासचा विचार प्रामाणिकपणे मांडावा, विशेषतः अडचण एलएडीत असेल आणि पुढची धमनी चांगली असेल तेव्हा. डाय आणि रेडिएशन वाढत चाललं असेल तर थांबून दुसऱ्या दिवशी तयारीनिशी परत येणं हाही चांगला निर्णय आहे. कमी किडनी-क्षमतेच्या रुग्णात डायचे मिलिलिटर ईजीएफआरच्या (किडनी किती काम करते हे सांगणाऱ्या आकड्याच्या) तिपटीच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो.

खर्च आणि कागद

भारतात स्टेंटच्या किमतींवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. तेव्हा औषध-लेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली होती. ओसीटी-आयव्हसचं कॅथेटर, आयव्हीएलचा फुगा, रोटाचा बर हे त्या मर्यादेत येत नाहीत आणि बिल तिथेच फुगतं. म्हणून कॅल्शियम जास्त आहे असं अँजिओग्राफीत दिसलं असेल तर अँजिओप्लास्टीच्या आधीच विचारा: आत कॅमेऱ्याने बघणार का? कॅल्शियम फोडायचं साधन लागलं तर कुठलं वापरणार, ते इथे आहे का आणि त्याचा खर्च विमा किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो का? वायर आत असताना, दारात उभं राहून सही करताना हा हिशेब कुणालाच नीट करता येत नाही.

झाल्यावर डिस्चार्ज कार्डाबरोबर अँजिओग्राफीची सीडी आणि स्टेंटच्या पाकिटावरचं स्टिकर मागून घ्या. त्यावर स्टेंटचा व्यास आणि लांबी असते. आत बघितलं असेल तर शेवटचं सर्वात अरुंद क्षेत्रफळ रिपोर्टमध्ये लिहून मागा. पुढे कधी छातीत दुखलं, तर दुसऱ्या गावातल्या डॉक्टरला या तीन गोष्टींवरून अर्धं निदान होतं. आणि ॲस्पिरिनबरोबर दिलेली गुठळी रोखणारी गोळी (क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर) दात काढायचा आहे, पित्त होतंय, अशा कारणांनी स्वतःहून बंद करू नका. स्टेंट पूर्ण उघडू शकला नसेल तर ही गोळी चुकणं विशेष धोक्याचं आहे. आधी हृदयरोगतज्ज्ञाला फोन करा.